नवव्या प्रतीचे नववे पान

सेंदाईला आमच्या इमारतीत चोवीस घरे होती आणि कचऱ्याच्या जागेवर लक्ष ठेवण्याची पाळी दर आठवड्याला एका घराकडे जाई. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातून दोनदा, चार घरांच्या वाट्याला तीनदा. भूकंपाच्या वर्षी ऑक्टोबरात ती पाळी माझ्याकडे आली तेव्हा मी घरात एकटाच होतो. बायको आणि मुलगी मार्चमध्येच पुण्याला गेल्या होत्या. किरणोत्साराच्या बातम्या रोज टीव्हीवर होत्या, आणि मुलगी नऊ वर्षांची होती. माझे कंत्राट संपायला अडीच वर्षे होती, म्हणून मी थांबलो.

गुरुवारी रद्दी कागदांचा दिवस असे. त्या गुरुवारी सुतळीने नीट बांधलेला एक गठ्ठा मला दिसला, पण त्यात लोखंडी क्लिपा तशाच होत्या. नियमाप्रमाणे कागदात धातू चालत नाही. गाडी असा गठ्ठा उचलत नाही आणि मग बोल पाळीवाल्याला लागतो. गठ्ठ्यातल्या एका पाकिटावर दुसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांचे नाव होते. मी गठ्ठा उचलून त्यांच्या दारात गेलो.

त्यांनी तीन वेळा माफी मागितली. आम्ही दोघे त्यांच्या दाराशी, चपला काढायच्या जागेत बसून क्लिपा काढू लागलो. एकतीस निघाल्या. कागदांवर जुन्या हस्तलिखितांच्या फिकट झेरॉक्स होत्या, लिपी मला अनोळखी. त्यांनी विचारले, तुम्ही काय काम करता. मी सांगितले, एका विमा कंपनीची जुनी संगणकप्रणाली बदलून नवी येते आहे, दोन्हींतून निघालेली माहिती सारखी आहे का ते मी तपासतो. त्यांनी विचारले, योमिआवासे करता का.

योमिआवासे म्हणजे जोडीने वाचणे. एकाने कागद हातात घेऊन मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचे. जपानी ऑफिसांत संगणक आले तरी ही पद्धत गेली नाही. आमच्याकडेही महत्त्वाचा प्रत्येक तक्ता असाच तपासला जाई. मी म्हणालो, रोज करतो. ते म्हणाले, शनिवारी सकाळी वेळ असतो का.

ते निवृत्त प्राध्यापक होते, जुन्या ग्रीक भाषेचे. मी त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत असे. ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या काळात एका वयोवृद्ध धर्मगुरूने दूरच्या गावातल्या आपल्या मंडळीला लिहिलेले एक पत्र, हा त्यांचा विषय. मूळ पत्र केव्हाच नष्ट झाले. त्याच्या नकलेची नक्कल, तिची नक्कल असे होत होत ते हजारभर वर्षांनी मठांतल्या लेखनिकांच्या हाती आले, आणि त्यांनी लिहिलेल्या ग्रीक प्रती युरोपातल्या निरनिराळ्या ग्रंथालयांत आहेत. सेन्सेईंकडे त्यांतल्या नऊ प्रतींची छायाचित्रे होती.

मी ग्रीक येत नसल्याची अडचण सांगितली. ते म्हणाले, "तुम्हाला ग्रीक येत नाही, हीच तुमची पात्रता. भाषा येणारा माणूस जे असायला हवं ते वाचतो. तुम्ही जे आहे तेच वाचाल."

चोवीस अक्षरांपैकी निम्मी मला शाळेतल्या गणितामुळे ओळखीची होती. बाकीची दोन शनिवारांत झाली.

त्यांच्या पत्नी, ओकुसान, यांनाही ग्रीक येत नव्हते. पण शेवटची काही पाने सोडली तर नऊही प्रती छायाचित्रांवरून उतरून काढल्या होत्या त्यांनीच. जपानी शाळेत निबंधासाठी चौकटींचा कागद वापरतात, एका पानावर चारशे चौकटी. ओकुसान एका चौकटीत एक अक्षर लिहीत. हस्तलिखितातली ओळ जिथे संपेल तिथे लाल पेन्सिलीने लहान तिरकी रेघ. मग दुपारी चार वाजता चहा होई आणि दोघे जोडीने वाचत. ओकुसान आपले पान वाचत, सेन्सेई छायाचित्रावर भिंग धरत. पान बरोबर ठरले की खाली उजवीकडे दोघांचे हांको उमटत. हांको म्हणजे नावाचा लहान लाल शिक्का, इथे सहीऐवजी तो चालतो. ओकुसानचा शिक्का पान लिहून झाल्यावर, सेन्सेईंचा वाचून झाल्यावर.

भूकंपात कपाटे कोसळून ही पाने एकमेकांत मिसळली होती. ती खोक्यांत भरून ठेवलेली होती. माझे पहिले काम ती लावण्याचे. मी लॅपटॉप घेऊन गेलो आणि प्रत्येक पानाची नोंद केली: प्रत कितवी, पान कितवे, प्रत्येक ओळीत अक्षरे किती, शिक्के किती. पहिल्या आठ प्रती प्रत्येकी चौदा पानांच्या. नववी प्रत नऊ पानांपर्यंत ओकुसानच्या हातची, पुढची पाच पाने सेन्सेईंच्या थरथरत्या हातची. म्हणजे ओकुसानची एकशे एकवीस पाने. एकशे वीस पानांवर दोन शिक्के होते. नवव्या प्रतीच्या नवव्या पानावर एकच होता, ओकुसानचा.

मी ते दाखवले. सेन्सेई म्हणाले, त्या दिवशी वेळ झाला नाही. पानावर वरच्या कोपऱ्यात तारीख होती, अकरा मार्च. त्यांनी मला पुढे जे सांगितले ते चार-पाच वाक्यांत. ओकुसानने सकाळी ते पान लिहिले, शिक्का मारला आणि मग त्या बसने किनाऱ्यावरच्या बहिणीकडे गेल्या. चारपर्यंत परत येते, मग वाचू, असे म्हणाल्या होत्या. भूकंप पावणेतीनला झाला. लाट त्यानंतर तासाभराने आली. ओकुसान सापडल्या नाहीत. अजून सापडलेल्या नाहीत, असे त्यांनी वर्तमानकाळात सांगितले.

त्या शनिवारपासून आम्ही वाचू लागलो. दहा ते बारा. मी ओकुसानचे पान वाचायचे, अक्षराचे नाव घेऊन, आणि ओळीच्या शेवटी 'रेघ' म्हणायचे. सेन्सेई मोतीबिंदू झालेला डोळा भिंगाला लावून छायाचित्रावर पट्टी सरकवत. दोन तासांत तीन पाने व्हायची. छापायला देण्याआधी सगळे दुसऱ्यांदा वाचायचे, असे त्यांचे आणि ओकुसानचे पूर्वीच ठरले होते.

मध्ये चहाला थांबलो की ते थोडे सांगत. या सगळ्या प्रतींत एक विचित्र गोष्ट आहे, ते म्हणाले. पत्र एका वाक्याच्या मध्येच तुटते आणि त्याच ओळीत, जागा न सोडता, दुसऱ्याच माणसाच्या दुसऱ्याच पत्राचे मधले वाक्य सुरू होते. कधीतरी एका जुन्या पोथीची मधली पाने गळाली. ज्याने तिची नक्कल केली त्याच्या ते लक्षात आले नाही आणि त्याने दोन टोके जोडून टाकली. पुढच्या सर्वांनी इमानाने तेच उतरवले. म्हणूनच कळते की या सगळ्या प्रती त्या एकाच फाटक्या पोथीच्या लेकी-नाती आहेत. पत्राचा पुढचा भाग जुन्या लॅटिन भाषांतरात तेवढा राहिला. त्याच भागात तो म्हातारा लिहितो की दुसऱ्या एकाची पत्रे तुम्ही मागितलीत, ती सोबत जोडून पाठवतो आहे. ते ग्रीकमध्ये हाती लागते ते नंतरच्या एका इतिहासकाराने आपल्या ग्रंथात उतरून घेतले म्हणून.

मी त्यांना माझ्या वडिलांकडच्या हस्तलिखित पोथीबद्दल सांगितले. तिच्या शेवटी लिहिणाऱ्याने संस्कृतात लिहून ठेवले होते की जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नये. सेन्सेई बऱ्याच दिवसांनी हसले. म्हणाले, ग्रीक लेखनिक याच्या उलट, तो चुकांची माफी मागतो आणि वाचणाऱ्याला म्हणतो, माझ्यासाठी प्रार्थना कर. तुमचे लोक जास्त हुशार.

एप्रिलमध्ये बायको आणि मुलगी परत आल्या. मुलीला शाळेत पुन्हा बसवले. शनिवारचे वाचन चालूच राहिले. मधे ऑफिसच्या कामामुळे माझे काही शनिवार बुडाले, उन्हाळ्यात सेन्सेईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, तरी सप्टेंबरअखेर आम्ही नवव्या प्रतीचे आठवे पान संपवले. त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी माझ्या हातात दहावे पान दिले.

मी म्हणालो, नववे राहिले.

"ते झालं आहे," ते म्हणाले.

मी दहावे वाचले. त्यांनी पट्टी सरकवली. त्या दिवशी चहाला ते आपल्या लेखाबद्दल बोलले. लेख नोव्हेंबरात छपाईला जायचा होता. सारांश असा की नववी प्रत ही तिसऱ्या प्रतीवरून केलेली नुसती नक्कल आहे, तिला स्वतंत्र किंमत नाही, पाठ ठरवताना विचारात घ्यायच्या प्रतींच्या यादीतून तिला वगळावे. पुरावा एकच पण ठळक: तिसऱ्या प्रतीत एका जागी एकोणतीस अक्षरे गळालेली आहेत आणि नवव्या प्रतीतही नेमकी तीच गळालेली आहेत. चूक सारखी, म्हणजे रक्त सारखे.

मी विचारले, ही जागा नवव्या प्रतीच्या कितव्या पानावर येते. त्यांनी उत्तर दिले, नवव्या.

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. नवव्या प्रतीच्या ओळी मी वर्षभरापूर्वी मोजून ठेवल्या होत्या. त्या लेखनिकाचा हात सारखा होता. त्याच्या कुठल्याही ओळीत अडतीसपेक्षा कमी आणि त्रेचाळीसपेक्षा जास्त अक्षरे नव्हती. फक्त नवव्या पानावर सहावी ओळ बारा अक्षरांची होती. नोंद करताना मी तिच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकले होते, वाचनात उलगडेल म्हणून. बारा आणि एकोणतीस एकेचाळीस होतात.

कोणताही लेखनिक ओळीत बारा अक्षरे लिहून बाकीची ओळ कोरी सोडत नाही. लिहायचे कातडे महाग असे, कागदही. म्हणजे ती एकोणतीस अक्षरे हस्तलिखितात असणार. गळाली असतील तर ओकुसानच्या हातून.

मी बायकोला सांगितले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, एक पान नाही वाचलं तर काय बिघडतं, ते काही तुझं ऑफिस नाही. मी म्हणालो, लेख चुकीचा छापला जाईल, आयुष्यभराचे काम आहे त्यांचे. ती म्हणाली, त्यांना दिसत नसेल असं वाटतं का तुला. मी म्हणालो, त्यांना आता शस्त्रक्रियेनंतर चांगले दिसते.

"डोळ्याचं नाही म्हणत मी," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "तू सांगणारच आहेस. तुला राहवायचं नाही. मग निदान रिकाम्या हाताने जाऊ नकोस."

पुढच्या शनिवारी मी शिऱ्याचा डबा आणि ओळींच्या मोजणीचा छापलेला तक्ता घेऊन गेलो. तक्त्यात सहाव्या ओळीखाली मी रेघ मारली होती. आज मला ती रेघ मारल्याची लाज वाटते. आकडा स्वतःच पुरेसा होता.

सेन्सेईंनी तक्ता पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले की ओकुसानने सत्तावीस वर्षे त्यांच्यासाठी उतरवून काढले आणि तिच्या हातून ओळ गळाल्याचे त्यांना आठवत नाही. मी म्हणालो, चार वाजता जी गळली असेल ती दुरुस्त होत असणार, म्हणून आठवत नसेल. हे मी ऑफिसात बोलतो तसे बोललो. खरे होते.

त्यांनी खणातून छायाचित्रांचे पाकीट काढले. त्या पानाचा फोटो इतर फोटोंबरोबरच होता, वर्षभर हाताशी होता. पाच मिनिटांचे काम होते. त्यांनी तो टेबलावर ठेवला, पट्टी लावली आणि मला म्हणाले, "वाचा."

मी वाचू लागलो. पाच ओळी बरोबर आल्या. सहाव्या ओळीची बारा अक्षरे वाचून मी 'रेघ' म्हणालो.

"नाही," ते म्हणाले. "पुढे आहे."

मग ती एकोणतीस अक्षरे त्यांनी स्वतः वाचली, एकेक करून, नेहमीच्याच आवाजात. मी मोजत होतो. एकोणतीस झाल्यावर ते म्हणाले, रेघ. मी सातव्या ओळीपासून पुढे वाचून पान संपवले. बाकी चूक नव्हती.

नंतर त्यांनी मला फोटोवर दाखवले. गळलेला मजकूर ज्या चार अक्षरांनी सुरू होतो, त्याच चार अक्षरांनी खालची ओळही सुरू होते. लिहिणाऱ्याने मान खाली घालून पुन्हा वर केली की डोळा पहिल्याऐवजी दुसऱ्या जागी जाऊन बसतो. तिसऱ्या प्रतीचा लेखनिक पाच-सहाशे वर्षांपूर्वी इथेच घसरला होता. ओकुसान इथेच घसरल्या. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

"कोणीही घसरेल अशी जागा आहे," ते म्हणाले. "अशा चुकीवरून नातं सिद्ध होत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचो. एखाद्याने हा पुरावा आणला असता तर मी निबंध परत केला असता."

वर्षभरात पहिल्यांदाच मी अर्थ विचारला. ते म्हणाले, विशेष काही नाही. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी काय काय करावे याची यादी आहे. आजाऱ्यांना भेटावे, विधवांकडे दुर्लक्ष करू नये. गळलेल्या भागात आहे की वाट चुकलेल्यांना माघारी आणावे.

त्यांनी ओकुसानचे पान हातात घेतले आणि सहाव्या ओळीच्या तिरक्या रेघेकडे पाहत राहिले.

"त्या सकाळी मला चष्मा सापडत नव्हता," ते म्हणाले. "मी तिला हाक मारली. ती हातातलं ठेवून उठली, शोधून दिला, परत जाऊन बसली. बहुतेक इथे."

शिऱ्याचा डबा मी तसाच टेबलावर ठेवून उठलो.

दोन आठवडे त्यांनी मला बोलावले नाही. मी समजलो की लेख दुरुस्त करत असतील. तसेच होते. तिसऱ्या आठवड्यात धुतलेला डबा परत द्यायला ते आमच्या मजल्यावर आले. डब्यात, आपल्याकडे रिकामा देत नाहीत हे त्यांना ठाऊक असल्यासारखी, चार सफरचंदे होती. आत या म्हटले तर आले नाहीत. दारातच त्यांनी सांगितले की लेख बदलून पाठवला. नवव्या प्रतीला आता स्वतंत्र मानले आहे, ती यादीत राहील, आणि एका जागी तर तिचा पाठ बाकी सर्वांपेक्षा चांगला निघाला. उरलेली पाने ते विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीबरोबर वाचणार होते, तिला शिकायलाही मिळेल म्हणून. आणि मार्चमध्ये ते ओसाकाला स्वतःच्या बहिणीच्या घराजवळ राहायला जाणार होते.

मी माफी मागितली. जपानीत माफीचे बरेच प्रकार आहेत. मी सर्वांत खालचे वाकणे वाकलो.

ते म्हणाले, "दुरुस्ती बरोबर होती. बरोबर दुरुस्तीची माफी मागायची नसते." मग जायला वळता वळता थांबले. "चूक असेल असं मला वाटलं होतं. एकच शिक्का होता ना. पण एक पान वाचायचं बाकी होतं, तोवर तिच्याबरोबर चार वाजता बसायचं बाकी होतं."

त्यांनी मान लववली, मीही लववली. लिफ्ट असूनही ते जिन्याने उतरले. त्यांची पावले मी मोजत नव्हतो, पण वीस पायऱ्या आहेत हे मला माहीत होते, आणि ते किती सावकाश उतरत आहेत हे ऐकू येत होते.

आत आलो. बायकोने सफरचंदे टोपलीत ठेवली आणि काय म्हणाले ते विचारले. मी लेखाचे सांगितले, यादीचे सांगितले. शेवटचे वाक्य सांगायला मला रात्रीच्या जेवणापर्यंत वेळ लागला. तिने ऐकून घेतले. मी म्हणालो, तू सांगितले होतेस. ती म्हणाली, मी काही सांगितलं नव्हतं, मी फक्त डबा दिला होता.

त्यानंतरच्या शनिवारी दहा वाजता मी घरीच होतो. मुलीने जपानीत विचारले, आज खाली जायचे नाही का. मी मराठीत सांगितले, नाही, वाचून झाले.